खंडेनवमी नसताना

आमच्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे बाबांची दुपारची झोप. कपबशी फुटली तर झाडून टाकता येते. बाबांची झोप मोडली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोलीला भोगावं लागतं, आणि खोली केवढी, तर काळाचौकीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची एक, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. पळून जायचं म्हटलं तर गॅलरीपर्यंतच जाता येतं, आणि बाबांचा आवाज तिथेही पोचतो.

झोप दुपारचीच का, तर माणूस जन्मभर रातपाळीचा. आधी गिरणीत मागावर, गिरणी बंद पडल्यावर एका बिल्डिंगमध्ये वॉचमन. सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे आणि खाटेवर डाव्या कुशीला वळायचे. डावा कान मागांच्या धडधडाटाने केव्हाच खाल्लेला, उजवा मात्र ठणठणीत. तो ठणठणीत कान वर ठेवून झोपायचे. आई म्हणायची, "झोपेत पण चौकशा हव्यात ह्यांना."

आणि बाबा झोपले की आई त्यांच्या उशाशी शिवणाच्या मशीनवर बसायची. चाळीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, साड्यांचे फॉल. कोणाच्या मुलीचं लग्न निघालं की त्या घरचं निम्मं शिवण आईने असंच करून द्यायचं, आणि बाबांनी म्हणायचं, "भाज लष्कराच्या भाकऱ्या." मी शाळेतून आले की आई ओठांवर बोट ठेवून दारातच मला गप्प करायची. बाबा झोपलेत. दप्तर हळू ठेव, बादली आपटू नको. आणि स्वतः मात्र पाय मारून मशीन चालवत असायची. मी एकदा विचारलंच, तुझ्या मशीनचा आवाज नाही का होत? तर म्हणाली, "माझा चालतो."

आईला कॅन्सरने नेलं. परळच्या हॉस्पिटलात खेपा घालून घालून तिथल्या भिंतींचे पोपडेसुद्धा माझ्या ओळखीचे झाले होते. ती गेल्यावर मशीनचं डोकं गावाकडच्या आत्येबहिणीने नेलं, तिच्या मुलीला शिवण शिकायचं होतं. लोखंडी पाय आणि वरची लाकडी फळी आमच्याकडे राहिली, खाटेच्या उशाशी, होती तिथेच. बाबा तोवर वॉचमनकीतूनही मोकळे झाले होते, पण अंगाला लागलेली सवय थोडीच रिटायर होते. दुपारी जेवून डाव्या कुशीला वळायचे आणि टक्क उघड्या डोळ्यांनी मशीनच्या पायांकडे बघत पडायचे. डोळ्याला डोळा नाही. मग उठायचे आणि माझ्याशी भांडायला विषय शोधायचे. भाजीत मीठ जास्त. नळ नीट बंद नाही. कालनिर्णयाचं पान उलटलं नाही. माझं अर्धं काम घरून, लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून. तर हेडफोन का घातलाय हाही एक विषय.

कॉम्प्युटर आला तो दिवाळीच्या तोंडावर. ऑफिसातल्या मैत्रिणीने घर बदललं तेव्हा तिच्या भावाचा जुना डबा भंगारात निघाला होता, तो मी टॅक्सीत घालून आणला. एवढा जुना की लिनक्स नावाची फुकटातली हलकी सिस्टीम सोडली तर त्याच्यावर दुसरं काही हललं नसतं. आणायचं कारण होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांकडे प्रचंड गणितं पडलेली असतात, त्यांच्या कॉम्प्युटरांना आवरत नाहीत इतकी. मग ते त्यांचे तुकडे करून लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांना वाटून देतात. आपण एक प्रोग्रॅम बसवायचा. तो मागे गुपचूप बसून राहतो, आपलं काम नसेल तेव्हा त्यांचं गणित करतो, आणि झालं की पाठवून पुढचं मागवतो. मी आजारांवरची गणितं निवडली, आईला झाला त्या जातीच्या आजारांवरची. त्याने उद्या कोणी बरं होणार होतं अशातला भाग नाही. मला आईची फार आठवण यायची आणि तिच्या नावाने काहीतरी चालू असावं असं वाटायचं, एवढंच खरं.

ठेवायला जागा एकच होती. मशीनच्या फळीवर.

बाबांनी दोन दिवस त्या डब्याकडे संशयाने पाहिलं. मग विचारलं, "दिवसभर चालू असता. करता काय?"

"दुसऱ्यांची गणितं."

"पैसे देतत?"

"नाही."

"म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या."

"हो."

"घराणाच तसला," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

आणि त्या दिवाळीत बाबांची दुपारची झोप परत आली. अशी आली की चार वाजता चहाला हाक मारावी लागायची. श्रेय अर्थात मी घेतलं. मी त्यांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तेल चोळायला लागले होते ना. शेजारच्या काकूंना सांगितलं, गावच्या बहिणीला फोनवर सांगितलं, दोघींनी आपापल्या वाट्या माळ्यावरून काढल्या. थंडी गेली, होळी आली, बाबा दुपारचे घोरत होते आणि भाजीत मीठ बरोबर होतं.

आता त्या डब्याच्या आवाजाचं सांगते. आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, चकती फिरणारी. ती गप्प कशी बसेल. कर्र-कर्र-कर्र करायची, मग गप्प. मिनिटभराने परत कर्र-कर्र, मग गप्प. लाकडी फळीवर ठेवलेली, त्यामुळे आवाज घुमायचा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत असले की पलीकडचा विचारायचा, तुमच्याकडे काही दळण चालू आहे का. मी दुर्लक्ष करत होते. पण होळीच्या सुमारास डिस्कने स्वतःच तक्रार केली. तिची तब्येत तपासायची सोय असते, त्यात दिसलं की ती आतून झिजायला लागली आहे. आणि मी शहाणीने आईचे सगळे फोटो त्याच डिस्कवर आणून ठेवले होते.

मग मी बसले मांडी ठोकून. लिनक्समध्ये एक छोटी कमांड आहे, ह्या घडीला डिस्कवर कोण लिहितंय ते ती सांगते. चोर लगेच सापडला. तो गणितवाला प्रोग्रॅम दर मिनिटाला आपण कुठवर आलो ते डिस्कवर लिहून ठेवत होता. वीज गेली तर पहिल्यापासून करायला नको म्हणून. अहो, पण दर मिनिटाला? परीक्षेत प्रत्येक ओळीनंतर पेन खाली ठेवणारी मुलं असतात, त्यातला प्रकार. मी सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं, बाबा रे, तासाने एकदा लिही. गेलंच तर तासाभराचं गणित जाईल, आकाश नाही कोसळणार. मग बाकीच्या खोडी मोडल्या. लिनक्सला एक सवय असते, फाइल नुसती वाचली तरी कधी वाचली त्याची नोंद करायची; ती बंद केली. बारीकसारीक नोंदी डिस्कऐवजी मेमरीत ठेवायला लावल्या. शेवटी डिस्कलाच सांगितलं की काम नसेल तर फिरू नकोस, झोप. दुपारपर्यंत सगळं जमलं आणि खोलीत शांतता पसरली. छताचा पंखा आणि डब्यातला छोटा पंखा, दोघांची घूं तेवढी. गणित चालूच होतं, आतल्या आत, बिनआवाजी. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. कोणी दुसरं थोपटणार नव्हतंच.

त्या दुपारी बाबा जेवून आडवे झाले. मी लॅपटॉपवर होते. थोड्या वेळाने बघते तर बाबा उठून अर्धवट बसलेले, उशीला टेकून. पाय पोटाशी ओढून घेतलेले. डोळ्यांत झोप होती आणि नव्हती.

"आज खंडेनवमी काय गो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. "बाबा, परवा होळी झाली. पुरणपोळ्या खाल्ल्यात तुम्ही. खंडेनवमी कुठली? ती दसऱ्याच्या वेळी."

"हां," ते म्हणाले. थोडा वेळ खाटेच्या पायथ्याकडे बघत राहिले. "हां, होय." मग परत आडवे झाले, पण झोपले नाहीत.

दोन दिवसांनी परत तेच. जरा डोळा लागल्यासारखं झालं, मग उठून बसले, पाय जवळ घेतले आणि विचारलं, "खंडेनवमी काय आज?" आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच ओशाळले. "काय नाय, काय नाय. चल, तुझा काम कर."

शेजारच्या काकूंच्या यजमानांचं असंच सुरू झालं होतं. आधी वार चुकले, मग सण चुकले, मग एकदा भोईवाड्यातून घरी यायची वाट चुकली, आणि शेवटी काकूंनाच विचारायचे, तुम्ही कोणाकडे आलात. ते सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आई गेली तेव्हा मी रडले होते, पण घाबरले नव्हते. आता घाबरले. बाबा समोर बसलेले असताना बाबा जाणार, थोडे थोडे, आणि मी एकटी त्यांना जेवायला वाढत बसणार, असं काहीबाही डोक्यात यायला लागलं. रोज सकाळी मी त्यांना साळसूदपणे विचारायची, "बाबा, आज वार कुठला हो?" ते सांगायचे. बरोबर सांगायचे. पण दुपारची झोप साफ उडाली होती आणि मधूनच ती खंडेनवमी यायची. तळपायाला तेल चोळून चोळून माझा हात दुखायला लागला. गॅलरीत येरझाऱ्या, मीठ, नळ, कालनिर्णय, सगळे विषय परत आले.

शेवटी मी त्यांना लालबागला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. आधी फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "काका, आज वार कुठला?"

"मंगळवार. म्हणून मच्छी नाय खाल्ली."

"महिना?"

"इंग्रजी सांगू की मराठी?"

"मराठी सांगा."

"फाल्गुन. सरत इलो. पाडवो तोंडावर आसा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ही कोण?"

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही माझी सासू," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी मुद्दाम विचारलं, "बाबा, खंडेनवमी कधी असते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच डोकं तपासायला हवंय. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. एवढी शिकलंस, ता म्हायत नाय तुका?"

डॉक्टर म्हणाले स्मरणशक्तीत त्यांना तरी काही दिसत नाही, लक्ष ठेवू. झोपेचं विचारलं. बाबा म्हणाले, "रात्रीची आसा थोडी. दुपारची गेली."

"घरात काही बदल झालाय का? खाट हलवली, जागा बदलली?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरात बदलण्यासारखं आहे काय?"

येताना आम्ही चालत आलो. बाबांना टॅक्सीचा राग, आणि लालबागमधून चालताना दर दोन पावलांवर त्यांना एक ओळखीची इमारत दिसते जी आता तिथे नसते. एका गल्लीच्या तोंडाशी एक बाई पिको-फॉलची मशीन टाकून बसली होती. बाबा तिच्याजवळ थांबले. मला वाटलं दम लागला. बाई साडीला फॉल लावत होती. एक शिवण मारायची, थांबायची, कापड पुढे ओढायची, परत शिवण. बाबा भिंतीला टेकून बघत उभे राहिले आणि त्यांनी जांभई दिली. साधी नाही, दाढा दिसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मग दुसरी.

"आजोबा, बसा ना," बाईने पायाने स्टूल सरकवलं.

बाबा बसले. आणि भर दुपारी, भर रस्त्यात, बाजूने टेम्पो हॉर्न मारत चाललाय, भाजीवाला ओरडतोय, अशात त्यांची मान हळूहळू छातीवर आली. आठवडाभर जो माणूस स्वतःच्या खाटेवर झोपला नव्हता, तो त्या स्टुलावर पेंगत होता. मी हातातली पिशवी धरून बघत राहिले. कर्र-कर्र-कर्र, मग गप्प. परत कर्र-कर्र, मग गप्प. हा आवाज मी कुठे ऐकलाय, असं मनात आलं आणि पुढच्याच क्षणी मला कळलं. माझ्याच घरात. मीच तो बंद केला होता.

आणि मग खंडेनवमीचंही कळलं. त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची पूजा. गिरणीत मागांना झेंडूच्या माळा घालायचे, सुताराकडे करवतीला, आणि आमच्या घरात आईच्या मशीनला. आदल्या दिवशी ती तिला तेल घालून लख्ख पुसायची, सकाळी हळदकुंकू, फूल, आणि मग दसऱ्यापर्यंत चाकाला हात लावायचा नाही. दिवाळीचं शिवण अंगावर आलेलं असलं तरी नाही. बाकी वर्षभर बाबांच्या उशाशी दुपारभर मशीन वाजायची. नाही वाजायची ती फक्त त्या एका दुपारी. बाबांना काहीही विसर पडला नव्हता. अर्धवट झोपेत त्यांच्या उजव्या कानाला एवढंच कळलं होतं की दुपार आहे आणि मशीन बंद आहे, म्हणजे खंडेनवमी असणार.

"अग बाई," मी मोठ्याने म्हटलं. पिकोवालीने वर पाहिलं. मी तिला म्हटलं, "तुमचं चालू दे. थांबू नका."

घरी आल्या आल्या मी कॉम्प्युटरला बसले. बाबा खाटेवर बसून सदऱ्याची बटणं काढत होते. तासाचं परत मिनिट केलं. डिस्कची झोप रद्द केली. उठलीस का, मग आता काम कर. काही नाही झालं. मी श्वास धरून बसले, कारण मिनिट फार मोठं असतं. मग फळी थरथरली आणि कर्र-कर्र-कर्र आवाज आला.

बाबांचा हात बटणावर थांबला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डाव्या कुशीला वळले. मी पाठ करून बसले होते, मला त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी तिथेच बसून रडले, तोंडावर ओढणी धरून. आवाज करायची सोय नव्हती.

पण डिस्क झिजत होती ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एक नवी, न फिरणारी, बिनआवाजी डिस्क आणली. आधी आईचे फोटो तिच्यावर हलवले, मग बाकी सगळं घरदार, खुद्द लिनक्ससकट. जुन्या डिस्कवर फक्त त्या गणिताचं फोल्डर ठेवलं. ती मोडली तरी काही बिघडत नाही, शास्त्रज्ञ तोच तुकडा दुसऱ्या कोणाला देतात. उलट ज्या फालतू नोंदी मी कष्टाने बंद केल्या होत्या त्या सगळ्या परत चालू करून तिच्याकडेच वळवल्या. जगात लोक एकमेकांना विचारत असतात, डिस्कचा आवाज कमी कसा करायचा. वाढवायचा कसा, हे विचारणारी मीच एक असेन. ऑफिसात सांगायची सोय नाही. काम येत नाही म्हणतील.

दोन-चार दिवस गेल्यावर मी बाबांना चहा देताना विचारलं. जरा घाबरतच विचारलं. "बाबा, ह्या डब्याचा आवाज... तुम्हाला आईची मशीन वाटते का?"

"येडी की काय तू?" बाबा म्हणाले. "मशीन गावाक गेली ता माका म्हायत नाय? ह्यो डबो. माका दिसता."

"मग?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले. "डोळे मिटल्यावर कोणाक काय दिसता?" ते म्हणाले.

मी पुढे विचारलं नाही. तेवढं मला पुरलं होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, आमच्या गल्लीतला गणपती बसला आणि उठला. डिस्क रोज मरते मरते म्हणत होती आणि मरत नव्हती. तब्येत तपासली की प्रत्येक वेळी जरा आणखी वाईट, आणि आवाज तसाच खणखणीत. आमच्या चाळीत अशी माणसं पुष्कळ आहेत.

मग नवरात्र आलं. अष्टमीच्या संध्याकाळी मी दादरहून झेंडू आणला, दाराच्या तोरणापुरता. बाबांनी पिशवीत हात घालून त्यातली चांगली फुलं बाजूला काढली. सकाळी बघते तर ते ओल्या फडक्याने मशीनचे लोखंडी पाय पुसतायत, नक्षीच्या खाचाखाचांतून बोट घालून. मग फळी पुसली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हेका बंद कर. नीट बंद कर, बटण दाबून नुको. आज खंडेनवमी."

मी नीट बंद केला. गणित कुठवर आलंय ते त्याने लिहून घेतलं, शेवटची कर्र झाली आणि डिस्क फिरायची थांबली. बाबांनी डब्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, भोकांत नका टाकू. "कळता माका," ते म्हणाले आणि फूल बरोबर मध्यावर ठेवलं. आईच्या फोटोपुढे जोडतात तसे हात जोडले, अगदी थोडा वेळ.

दुपारी जेवणं झाली. मी लॅपटॉप उघडला. बाबा खाटेवर गेले, पण आडवे झाले नाहीत. उशीला टेकून बसले आणि पाय पोटाशी ओढून घेतले. मला ते बसणं आठवलं. होळीनंतर खंडेनवमी विचारली होती तेव्हा असेच बसले होते, दर वेळी, आणि खाटेच्या पायथ्याकडे बघत होते.

"झोपत नाही?" मी विचारलं.

"आज झोपाचा नसता."

"का?"

खोली इतकी शांत होती की खालच्या मजल्यावर कोणीतरी ताट ठेवलं ते ऐकू आलं.

"तुझी आई आज मोकळी असायची," ते म्हणाले. "वर्षभर काय, मी रातपाळीक, ती मशीनीर. बोलूक वेळ खंय होतो? तू शाळेत. ह्या एका दुपारी मशीन बंद. मग ती हय येऊन बसायची, पायापाशी. मी पाय जवळ घेऊचंय, जागा करूक. चहा पिऊचो, नि काय काय बोलूचो. गावचा, तुझा, कोणाचा पण." त्यांनी डब्यावरच्या फुलाकडे पाहिलं. "त्या वेळी तू आवाज बंद केलंस ना, होळीक. अर्धवट झोपेत माका वाटला, मशीन थांबली, म्हणजे येतली आता. पाय जवळ घेतलंय. नि वाट बघलंय."

ते पाय ओढून घेणं मी पाहिलं होतं, आणि त्याला आजार समजून डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

मी लॅपटॉप मिटला. ऑफिसला काय सांगायचं ते मग बघू. चहा ठेवला, दोन कप घेऊन आले आणि खाटेच्या पायथ्याशी, त्यांनी केलेल्या जागेवर बसले. बाबांनी कप घेतला. आम्ही भांडायला कधी विषय कमी पडू दिले नव्हते, पण नुसतं बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

"ह्या उद्या चालू करशीत मा?" बाबांनी डब्याकडे हनुवटी केली.

"उद्या सकाळी. सोनं वाटून झालं की लगेच."

"मगे आज बस," बाबा म्हणाले, आणि पाय आणखी थोडे जवळ घेतले.